अकरांत एक

४ जून

ठमे,

तुझी नेमणूक झाली. अर्जावर शिफारस करणाऱ्याच्या जागी माझी सही आहे. हे कुणाला सांगत सुटू नकोस, आणि स्वतः विसरूही नकोस. फोन करू नकोस. आमच्या खोलीत सहा टेबलं आणि बारा कान आहेत. काय ते पत्रात लिही. भिंतीला कान असतात, कागदाला नसतात.

काम समजून घे. देशातल्या प्रौढ माणसांपैकी किती जणांना साखरेचा आजार आहे, ते आम्हाला काढायचंय. सगळ्यांचं रक्त घेणं शक्य नाही, म्हणून चिठ्ठ्या काढून दहा हजार माणसं निवडलीत. शितावरून भाताची परीक्षा म्हण. पण शीत भांड्यातलं हवं, शेजारच्या ताटातलं उचलून चालत नाही. चिठ्ठीत ज्याचं नाव निघालं त्याचंच रक्त. तो घरी नसेल तर तीनदा जा, तरी नसेल तर ‘भेटला नाही’ असं लिही. त्याच्या भावाचं बोट टोचू नकोस.

बोट टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, पुढचे चार थेंब कार्डावरच्या चार गोलांत पाडायचे. वाळलं की पाकिटात घालून पाठवायचं. गेल्या तीन महिन्यांत त्या माणसाच्या रक्तात सरासरी किती साखर होती, ते प्रयोगशाळेला त्यावरून कळतं. साडेसहा किंवा त्यावर आकडा म्हणजे आजार.

एक गोष्ट डोक्यात कोरून ठेव. एक कार्ड म्हणजे एक माणूस नव्हे. आमच्या हिशोबात ते चार हजार माणसांच्या जागी उभं असतं. एक कार्ड खोटं म्हणजे चार हजार माणसं खोटी.

तुझा नवरा जहाजावरून कधी परततोय? तुझ्या नणंदबाई काय म्हणतात?

दादा

२१ जून

दादा, नमस्कार.

हे जहाजावरून मार्चशिवाय येत नाहीत. तोवर घरात मी आणि वन्सं. म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, त्यातली एक गंजलेली.

माझ्या वाट्याला आलेली वस्ती तू नकाशावर पाहिली असशील, चढून पाहिलेली नाहीस. बस खाणीच्या फाटकाशी सोडते. तिथून दीड तास चढ. यादीत पंचवीस माणसं, त्यातली सहा सापडली. बाकीच्यांच्या दाराला कुलपं. सगळे म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट वरच्या खाणीवर गेलेत, तीन-तीन महिने उतरत नाहीत. तीन वेळा गेले. कुत्री ओळखायला लागली, माणसं भेटली नाहीत.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, माझ्या रक्ताचं करणार काय. म्हटलं, मोजणार. मग मला काय सांगणार? म्हटलं, तुम्हाला काही नाही, देशाला सांगणार. तो म्हणाला, म्हणजे टोचायचं मला आणि कळायचं दुसऱ्याला. पण बोट दिलं बिचाऱ्यानं.

वन्संचं विचारलंस. लग्नात तू तिला पाहिली होतीस. तीच ती, जिनं चार बायकांसमोर माझ्या अंगाला टेप लावली आणि म्हणाली, एवढ्या कापडात ही बसायची नाही. आता तिचंच कापड तिच्या अंगावर लोंबतंय. दोन माणसांचं जेवते आणि दोरीसारखी होत चाललीय. दिवसभर घसा कोरडा. घागरभर पाणी पिते आणि दर अर्ध्या तासाला शिवणयंत्र थांबवून मोरीकडे पळते. काल मी म्हटलं, वन्सं, आता तुम्हाला थेट नळच जोडून घेऊ. ती हसली. तिला पूर्वी असलं बोललेलं चालत नसे. म्हातारपण दुसरं काय, पन्नाशीतच आलं.

सांग, त्या कुलपांचं काय करू?

ठमी

२ जुलै

ठमे,

नळाची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. जेवताना ठसका लागेपर्यंत हसली.

आता कामाचं. संचालकांनी काल यादी काढली. ज्या वस्तीच्या गटात निम्म्याहून कमी कार्डं आली, तिथं रक्त घेणाऱ्यांची कंत्राटं पुढे चालणार नाहीत, आणि त्यांची शिफारस कुणी केली तेही विचारणार. पंचवीसपैकी सहा कार्डं हा तुझा गट यादीत सगळ्यात खाली आहे. संचालक माझ्याकडे बघून म्हणाले, ही तुमचीच ना?

मी तुला नियम सांगितलेत. नियम मोड असं मी म्हणत नाही. पण वीस जुलैच्या आत मला तो गट पूर्ण हवा. कसा करायचा ते तू बघ. माणसं कधीतरी खाली उतरत असतीलच.

दादा

१९ जुलै

दादा, नमस्कार.

पंचवीसच्या पंचवीस. वेळ साधून गेले आणि खाणीला आठवड्याची सुट्टी लागलेली. सगळे घरी. रांगेनं बसले, रांगेनं बोटं दिली. बायका तर म्हणत होत्या, आणखी घ्या.

माझा हातही आता चांगला बसलाय. सुरुवातीला टोचणी खोल जायची, मग घरी सराव केला. आता एका टोचणीत चार गोल भरतात.

पाकिटं काल पोस्टात टाकली. तुझी सही वाचली म्हण.

ठमी

२८ ऑगस्ट

ठमे,

हे पत्र बसून वाच.

प्रयोगशाळेचे आकडे आले. तुझ्या वस्तीतल्या पहिल्या सहा कार्डांचे आकडे असायला हवेत तसे, कुणाचा पाच, कुणाचा सहा, त्या म्हाताऱ्याचा सात. पुढची एकोणीस कार्डं बघ. बावीस वर्षांचा तरुण, ११.४. ऐंशीची म्हातारी, ११.३. तिचा जावई, ११.५. शेजारी, शेजारीण, सासू, सून, सगळे ११.२ आणि ११.६ च्या मध्ये. एवढी एकी तर त्या वस्तीत लग्नाच्या पंगतीतही नसेल.

मी तेवीस वर्षं आकडे बघतोय. एकोणीस माणसं असं रक्त देत नाहीत. एकच माणूस देतो.

तू काय केलंस ते मी विचारत नाही, कारण उत्तर माझ्या हातात आहे. रागावूनही उपयोग नाही. मी ‘कसा करायचा ते तू बघ’ असं लिहिलं होतं आणि तू बघितलंस.

पण हे माझ्या आधी दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही म्हणून फक्त भावासारखं सांगतो. ते रक्त तुझं आहे आणि ते फार वाईट आहे. साडेसहाला आजार म्हणतात, हे साडेअकरा आहे. उद्याच्या उद्या एखाद्या खासगी ठिकाणी जाऊन तपासून घे. सरकारी दवाखान्यात जाऊ नकोस, तिथला वैद्यकीय अधिकारी आपल्याच पाहणीत आहे आणि तुला ओळखतो. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव. मला तीन दिवस जेवण गेलेलं नाही.

दादा

९ सप्टेंबर

दादा,

तपासलं. माझा आकडा ५.३. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वयाला छान आहे.

आता खरं लिहिते. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आधी वाटलं, सुटले. मग पाय तिथंच थांबले.

रक्त वन्संचं आहे.

जुलैत सहा दिवस. रोज दुपारी जेवणं झाली की तीन-चार कार्डं. मी तिला म्हटलं, वन्सं, मला नीट टोचता येत नाही, सराव हवाय, नाहीतर नोकरी जाईल. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. शिवणकामानं तिच्या बोटांना तशीही भोकं पडलेली. दुसऱ्या दिवसापासून मी यायच्या आधीच ती हात कोमट पाण्यात बुडवून बसायची. म्हणायची, असं केलं की रक्त मोकळं येतं, तुला त्रास नको. मी म्हणायचे, झालं आता. ती म्हणायची, आणखी एक घे, शिकत्या माणसानं कंटाळू नये.

मी तिला सगळ्यात जवळचं बोट म्हणून वापरलं, एवढंच. तिचं आहे म्हणून थोडं जोरात टोचलं असेन. कपड्याची टेप माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आले तर ती काजं करत बसली होती. म्हणाली, वहिनी, हल्ली सराव बंद केलास?

तिला आज दवाखान्यात नेऊ का? खासगी परवडायचा नाही, सरकारीतच न्यावं लागेल. तिला काय सांगू? तू सांगशील तसं करते.

ठमी

१५ सप्टेंबर

ठमे,

तुझं जूनचं पत्र काढून परत वाचलं. तहान, मोरी, दोन माणसांचं जेवण, अंगावर लोंबणारे कपडे. सगळं तू लिहिलं होतंस आणि आम्ही दोघं नवरा-बायको हसलो होतो. तुला लक्षणं शिकवली नव्हती, कारण घरोघर जाऊन तुम्ही ती लोकांना सुचवाल अशी भीती होती. तो नियम मीच लिहिला होता. पण मला तर लक्षणं येत होती.

तुझं पत्र वाचल्या वाचल्या ‘आजच ने’ असं लिहून पाकीट बंद केलं होतं. ते फाडून हे लिहितोय. शांतपणे वाच.

सरकारी दवाखान्यात नेलंस की वैद्यकीय अधिकारी तिची बोटं बघणार. वन्संच्या पोटात काही राहत नाही. ती कौतुकानं सांगेल, माझ्या वहिनीनं कार्डांवर माझं रक्त घेतलं. तो माणूस मूर्ख नाही. तुझी नोकरी जाईल, माझीही जाईल, आणि दोघांवर खटला होईल.

एकोणीस कार्डं काढून टाकावीत म्हटलं तर फाइलवर कारण लिहावं लागतं. आता तेही शक्य नाही. ती कार्डं धरून देशाचा आकडा ९.१ टक्के येतो, वगळली तर ८.९. संचालकांना ९.१ आवडलाय, कारण त्याचं ‘दर अकरांत एक’ असं सुटसुटीत वाक्य होतं. फलक छापायला गेलेत. फेरतपासणीच्या चिठ्ठ्या मीच काढल्या, तुझी वस्ती त्यात निघालेली नाही. निघाली नाही म्हणजे काय ते तुला कळलं असेल.

तुझ्या वन्संचे शहात्तर थेंब आमच्या कागदावर शहात्तर हजार माणसं झालेत. त्यांच्यासाठी औषधांची मागणीही नोंदवली जाईल.

अहवाल वीस नोव्हेंबरला जाहीर होतोय. त्यानंतर कुणी मागं वळून बघत नाही. एकवीसला तिला खुशाल ने. साखरेनं दोन महिन्यांत कुणी मरत नाही. आमच्याच कागदांत आहे, निम्म्या लोकांना आजार असल्याचं ठाऊकच नसतं आणि तरी ते वर्षानुवर्षं चालते-फिरते असतात. तिनं इतके दिवस काढले, आणखी नऊ आठवडे काढील. तोवर तिच्या चहातली साखर कमी कर, गोड देऊ नकोस.

हे पत्र वाचून फाडून टाक.

दादा

१२ ऑक्टोबर

दादा, नमस्कार.

तू म्हणालास तशी साखर कमी केली. दोन चमच्यांचा अर्धा केला. चौथ्या दिवशी वन्सं माझ्याकडे बघेना. आठव्या दिवशी समोरच्या बाईनं मला जिन्यात गाठून ऐकवलं की, नवरा नऊ महिने समुद्रावर राबतो आणि तू त्याच्या बहिणीच्या चहातली साखर मोजतेस. वन्संनी स्वतः काही सांगितलं नव्हतं. तिनं फक्त त्या बाईकडे चहाला जायला सुरुवात केली होती, आणि तिथं ती तीन चमचे घेत होती.

मी काय सांगणार? ‘तुम्हाला आजार आहे’ म्हटलं तर पुढचा प्रश्न ‘तुला कसं कळलं’. म्हणून पुन्हा दोन चमचे घालते. परवा तिनं चहाचा पहिला घोट घेतला आणि म्हणाली, वहिनी, माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगत जा, असं साखरेतून सांगू नको.

दुसरं एक आहे. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला टोकाशी फोड आलीय. जुलैतली जागा तीच की सुईची, सांगता येत नाही. दहा-बारा दिवस झाले, भरत नाही. मलम लावते. ती त्यावर अंगुस्तान चढवून शिवत बसते, कारण शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय.

पाच आठवडे आणि थोडे दिवस राहिलेत. वाट बघू ना?

ठमी

२१ नोव्हेंबर

ठमे,

तुझ्या ऑक्टोबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण इथं श्वास घ्यायला फुरसत नव्हती. शिवाय तुला वाट बघायचंच सांगायचं होतं, ते तुला ठाऊक होतं.

काल अहवाल जाहीर झाला. सभागृह भरलं होतं. संचालक व्यासपीठावरून म्हणाले, तुमच्या रांगेतली अकरा माणसं मोजा, त्यातलं एक आजारी आहे. लोक खरोखर मोजायला लागले. माझं नाव अहवालात तिसरं आहे. ज्यांनी पूर्ण गट दिले त्यांची कंत्राटं दोन वर्षं वाढलीत आणि त्यांना प्रशस्तिपत्रही मिळणार आहे. तुझं आलं की जपून ठेव.

आता तिला ने. बोट कसं आहे?

दादा

२७ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र काल दवाखान्यात मिळालं. शेजारीण घेऊन आली.

नऊ तारखेला बोटाचं टोक काळं पडलं. मी म्हटलं, नेऊ का? मग कॅलेंडर बघितलं. अकरा दिवस होते. वन्संनीच म्हटलं, गणवेश देऊन टाकू मग बघू. मला बरंच वाटलं, निदान तिचीच इच्छा म्हणून. पंधराला शेजारच्या बोटाला सूज आली. सतराला सकाळपासून ती असंबद्ध बोलायला लागली, मला तिच्या आईच्या नावानं हाक मारायला लागली. तोंडाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. दुपारी मशिनीवरच कलंडली. चाक फिरत राहिलं.

शेजारणीनं गाडी आणली. मी तेव्हाही म्हटलं, खासगीत नेऊ. ती म्हणाली, मरायला टेकलीय बाई आणि तू दवाखाने निवडतेस?

साखर मशीनला मोजता येईना, एवढी वर. दोन दिवस शुद्ध नव्हती. एकोणीसला उजव्या हाताची दोन बोटं काढली, मधलं आणि अनामिका. जगली. तुझा तो अधिकारी नव्हता, दुसरे डॉक्टर होते. ते म्हणाले, चार दिवस आधी आणली असती तर नुसत्या औषधावर भागलं असतं. मग मला विचारलं, तहान कधीपासून होती? मी म्हटलं, लक्षात नाही आलं. त्यांनी तिची उरलेली बोटं उलटी-सुलटी करून बघितली आणि विचारलं, एवढं टोचलेलं कशाचं? मी म्हटलं, शिवणकाम करतात. वन्सं शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डॉक्टरांना म्हणाली, हो, शिवणकामच करते मी.

करते, म्हणाली. कुणी तिला अजून सांगितलेलं नाही की आता करता यायचं नाही.

तुझा फलक तिच्या खाटेसमोरच्या भिंतीवर लावलाय. अकरांत एक, ती तुम्ही तर नाही? खोलीत बारा खाटा आहेत. ती रोज मोजते आणि म्हणते, हिशोब बसत नाही.

तू म्हणाला होतास, दोन महिन्यांत कुणी मरत नाही. तेवढं खरं ठरलं.

ठमी

२ डिसेंबर

ठमे,

झालं ते वाईट झालं. पण जे हातात आहे ते आधी कर. माझी सगळी पत्रं जाळ. सप्टेंबरचं आधी. मी तुझी जाळतो. ती काही बोलली का, कुणाला काही विचारलं का, एवढंच दोन ओळींत कळव.

दादा

१९ डिसेंबर

दादांस नमस्कार.

मी तुमच्या ठमीची नणंद. डाव्या हातानं लिहिते आहे, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. सातवीपर्यंत शिकले आहे. हे पत्र लिहायला चार दिवस लागले.

दवाखान्यातून घरी आल्यावर पुढच्या तपासणीचा कागद सापडेना. वहिनी कामावर गेली होती. तिची सरकारी पाकिटं असतात त्या खोक्यात बघितलं. कागद नव्हता, तुमची पत्रं होती. तुम्ही फाडायला सांगितलेलंही होतं. वहिनी लहानपणापासून काही टाकत नाही, असं तिची आई सांगायची.

तुमचं अक्षर फार छान आहे. कुठंही अडखळले नाही. सप्टेंबरचं पत्र तीनदा वाचलं.

वहिनी संध्याकाळी आली तेव्हा पत्रं माझ्या मांडीवर होती. ती दारातच बसली. पुष्कळ रडली. पाया पडायला आली तेव्हा मी पाय आखडून घेतले. मी तिला एकच विचारलं, तुला माहीत असताना रोज सकाळी माझ्यासमोर चहा ठेवताना हात कसा उचलला जायचा? ती म्हणाली, डोळे दुसरीकडे करून. लग्नात मी तिला टेप लावली, ते माझं चुकलंच होतं. पण त्याचं माप एवढं होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी पोलिसांत जाणार नाही. ते विचारतील, तुझं काय गेलं? मी दोन बोटं सांगीन. ते म्हणतील, आठ आहेत की. माझ्या भावालाही कळवलेलं नाही. तो समुद्रात आहे, तिथं माणसाला फार विचार करायला वेळ असतो.

मी बत्तीस वर्षं शिवते आहे. आता कात्री धरता येत नाही, सुईत दोरा जात नाही. दिवसातून दोनदा इंजेक्शन आहे. ते थंड ठेवावं लागतं, आणि ते कुणीतरी द्यावं लागतं. वहिनी देते, पण परवा सुई माझ्या पोटात वाकली. ती मला पाहू शकत नाही आणि मला तिच्या हातचं पाणी घशाखाली उतरत नाही. या घरात आम्ही दोघी राहिलो तर एक जण दुसरीला मारील, आणि ती मी असेन असं मला वाटायला लागलंय.

म्हणून मी तुमच्याकडे राहायला येते. विचारत नाही, कळवते. नऊ आठवडे माझ्या जिवाचा निर्णय तुम्ही घेत होता, तेव्हा मला कळवलंही नव्हतं. मी निदान पत्र लिहिते आहे.

गुरुवारी दुपारी अडीचला गाडी पोचते. जड सामान नाही. पत्रं बरोबर आणते आहे.

ठमीची वन्सं

८ जानेवारी

ठमे,

तू पत्रं जाळली नाहीस. त्यावर मी काही लिहिणार नाही. मीही तुझी जाळली होती, पण एक राहिलं. वन्संच्या हाताची गोष्ट ज्यात आहे, कोमट पाण्यात बुडवून बसायची ती. ते जाळवलं नाही. आता तेही तिच्याकडे आहे. तिनं मागितलं आणि मी दिलं.

गुरुवारी मी स्टँडवर गेलो नाही. कार्यालयात फाइल उघडून बसलो आणि घड्याळ बघत राहिलो. वाटलं, अनोळखी शहर आहे, मी दिसलो नाही की परत जाईल. साडेचारला शिपाई सांगत आला, तुमच्याकडे कुणी बाई आल्यात. ती विचारत विचारत चालत आली होती. संचालकांच्या दारासमोरच्या बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर पट्टी बांधलेला हात.

मी पोचायच्या आत संचालक बाहेर आले. त्यांनी विचारलं, कोण आपण? ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, यांच्या नात्यातली. साखरेची आजारी आहे. संचालक खुशीत होते. म्हणाले, म्हणजे आमच्या अकरांतल्या एक तुम्हीच.

ती म्हणाली, “नाही साहेब, मी एकोणीस आहे.”

त्यांना काही कळलं नाही. हसले, तिला पाणी द्यायला सांगितलं आणि गेले. ती पाणी प्यायली, तिनं पेला परत दिला आणि मला म्हणाली, चला.

तेव्हापासून ती आमच्या पुढच्या खोलीत राहते. बायकोला मी खोटं सांगितलं, की तुझं आणि तिचं पटत नाही. दोन दिवसांनी बायकोनं जेवायला वाढताना विचारलं, नळाची गोष्ट ती यांचीच का? मी हो म्हणालो. तिनं पळी तशीच भांड्यात ठेवली. त्या दिवसापासून ती वन्संची वेणी घालते, भात कालवून देते आणि माझ्याशी कामापुरतं बोलते. दोघी दुपारी खूप बोलतात. मी आलो की थांबतात.

वन्सं मला टोचून बोलत नाहीत. पत्रांचा विषय काढत नाहीत. पिशवी खुंटीला अडकवलेली असते, सगळ्यांना दिसेल अशी. मी रोज तिच्याखालून जातो. तू माझ्याकडे रजेची चौकशी केली होतीस, इथं येऊन तिला भेटावं म्हणून. येऊ नकोस. मी तिला विचारलं. ती म्हणाली, अजून नको, अजून माझ्या हातात बळ आहे.

तिनं माझ्याकडून एकच काम मागितलं. रोज सकाळी, चहाच्या आधी, ती माझ्यासमोर येऊन बसते आणि डावा हात पुढे करते. साखर बघायचं मशीन बायकोला चालवता येतं, तिला स्वतःलाही येईल, पण टोचायचं मीच. तेवीस वर्षांत मी एकाही माणसाचं बोट टोचलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी तीनदा चुकलो. ती हात मागे न घेता बसून राहिली. पहिला थेंब पुसायचा, दुसरा पट्टीवर. मग आकडा वहीत लिहायचा, तारीख घालायची आणि खाली माझी सही.

आज उपाशीपोटीचा आकडा २८६ आला, एकशेतीसच्या आत हवा. काल २६० होता, परवा २४१. इंजेक्शन पुरत नाहीये, डॉक्टरकडे परत न्यावं लागणार. तिथं पुन्हा तो हात दाखवायचा, पुन्हा प्रश्न. मशीन माझ्याकडे तोंड करून होतं. तिला ते दिसत नव्हतं. माझ्या हातानं दोन लिहिला आणि त्यापुढे शून्याला सुरुवात केली. का, ते मला सांगता येणार नाही. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाची नोकरी जाणार नव्हती.

“खरा लिहा,” ती म्हणाली.

ती मशीनकडे बघत नव्हती. ती सुरुवातीपासून माझ्या हाताकडे बघत होती. मी ते खोडलं, २८६ लिहिलं आणि सही केली. तिनं वही ओढून घेतली, खोडलेल्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, इथंही सही करा.

दादा